गाडीवर अटी घालायच्या कोणी?

गेल्या वेळी आपण नगरपरिषदेचा ठराव म्हणजे काय, ते पाहिलं. आज त्याच ठरावांमधला सगळ्यात घरगुती विषय घेऊ: नव्या छोट्या धंद्याला परवानगी.

समजा, दौंड स्टेशनच्या बाहेर एका ताईंना पोहे-चहाची गाडी लावायची आहे. त्या विचारणार, "लायसन कुठे मिळतं?" मी आधी विचारीन, गाडीची चाकं कोणाच्या जमिनीवर आहेत? दौंड जंक्शनचं गाव आहे, तिथे हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा, त्या वर्षी १ मेपासून लागू झालेला. पण रेल्वेच्या मालकीच्या आणि ताब्यातल्या जमिनीला तो लागूच नाही, असं कायद्यातच लिहिलंय. म्हणजे चार पावलं अलीकडे गाडी लावली तर एक हक्क, आणि पलीकडे लावली तर रेल्वेची मर्जी.

ताई नगरपरिषदेच्या रस्त्यावर आल्या असं धरू. आता अटी घालणार कोण? आपल्याला वाटतं, नगरसेवक नाहीतर मुख्याधिकारी. कायदा म्हणतो, नगर पथविक्रेता समिती. नगरपरिषदेत तिचे अध्यक्ष मुख्याधिकारी असतात हे खरं, पण निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले विक्रेतेच हवेत, आणि त्यांत एक तृतीयांश महिला. ज्याच्या गाडीवर अट बसायची, त्याची माणसं अट ठरवायला बसलेली असतात. मधली काही वर्षं राज्यात अनेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. नगरसेवक नसले म्हणून ही समिती नको, असं मात्र कायद्यात कुठेही नाही.

विक्रेत्यांचं सर्वेक्षण निदान पाच वर्षांतून एकदा व्हायला हवं. ताईंचा धंदा नवा, त्या यादीत नाहीत. मग? दोन सर्वेक्षणांच्या मधे आलेल्या माणसालाही समिती प्रमाणपत्र देऊ शकते. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं, असं माप आहे. २०११ च्या जनगणनेत शिरूरची वस्ती सुमारे ३७ हजार होती, म्हणजे नऊशेच्या वर विक्रेते. आता आपल्या घोडनदीच्या बाजारपेठेत नजर फिरवा आणि मनातल्या मनात मोजा.

बरं, अटी कसल्या? काही कायद्यानेच घातल्यात. धंदा स्वतः किंवा घरच्या माणसाने करायचा, उपजीविकेचं दुसरं साधन नको, आणि प्रमाणपत्र भाड्याने द्यायचं नाही. ही शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते, नाहीतर दहा प्रमाणपत्रं एकाच शेठजींच्या खिशात जातील. वेळ, जागा, कचऱ्याचा डबा, चालायला वाट, याही रास्त. १९८९ साली सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रस्त्यावर धंदा करणं हा घटनेतल्या व्यवसाय-स्वातंत्र्याचा भाग आहे, वाजवी निर्बंधांसह. पण अमुकच कोपरा मला कायमचा हवा, असा हक्क नाही.

आता खरी अडचण. समजा, समितीत कोणी म्हणालं, "समोरच्या दुकानदाराचं ना-हरकत पत्र आणा, मग बघू." ऐकायला किती सोपं वाटतं! दुकानदाराचंही ऐकायला हवं. तो गाळ्याचं भाडं भरतो, घरपट्टी भरतो, आणि दारात गाडी उभी राहिली की त्याचं गिऱ्हाईक अडतं. ही तक्रार खोटी नाही. तिचं उत्तर म्हणजे गाडी दारापासून सरकवा, वेळ ठरवून द्या. पण सहीच मागितली, तर निर्णय समितीने केला नाही, स्पर्धकाने केला. त्यात तोही चहा विकत असला तर विचारायलाच नको. माझ्या मते ही अट टिकू नये.

एक गल्लत मात्र टाळा. शॉप ॲक्टचा कागद लॅमिनेट करून गाडीला टांगतात. तो कामगार खात्याचा. खाद्यपदार्थांसाठी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी असते, पण तीही वेगळी. या दोन्हींतून रस्त्यावरची जागा मिळत नाही.

प्रमाणपत्र नाकारलं किंवा रद्द केलं, तर नगरपरिषदेकडे अपील करता येतं. रद्द करण्याआधी म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं, आणि जागा हलवायची तर ३० दिवसांची नोटीस. म्हणून ताईंनी अर्जाची पोच घ्यावी, तारखेसकट. तोंडी "नाही" मिळालं, तर ते लेखी मागावं. अपील करायचं तर हातात कागद हवा.

मागे एक हात वर दिसतोय. बोला.