बंदर आपल्या जिल्ह्यात, मग टेबलामागे आपली मुले का नकोत?

बारावीचा निकाल लागला की पाली-सुधागडच्या घराघरांत एकच विषय निघतो : पुढे काय? अलीकडे त्यात ‘इंटरनॅशनल बिझनेस’ हे नाव ऐकू येते. नाव भारदस्त, खासगी संस्थांची फी त्याहून भारदस्त. तेव्हा पालकांनो, पतपेढीचे कर्ज काढण्यापूर्वी हे काम असते तरी काय, ते आपण पाहू या.

परदेशी व्यापार म्हणजे विमानाने फिरणे नव्हे. सुरुवातीची बरीच वर्षे तरी तो कागदांचा धंदा आहे. पेणच्या गणेशमूर्ती परदेशी जातात हे आपल्याला ठाऊक आहेच. सण भाद्रपदात, पण समुद्राचा प्रवास लांबचा, म्हणून माल कितीतरी आधी कंटेनरात भरावा लागतो. त्या एका कंटेनरामागे निर्यातदाराचा आयईसी क्रमांक, बीजक, पॅकिंग लिस्ट, कस्टमकडे दाखल करायचे शिपिंग बिल, जहाज कंपनीचे बिल ऑफ लेडिंग आणि पैसे वसूल होण्यासाठी बँकेचे कागद असतात. वस्तूचा एचएस कोड चुकला तरी माल अडू शकतो, आणि अडलेल्या मालाचे भाडे चढतच राहते. हे सारे बिनचूक करणारा माणूस या धंद्यात सर्वांनाच हवा असतो.

आणि हे काम चालते आपल्याच रायगड जिल्ह्यात! न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. उरण-द्रोणागिरी भागात कंटेनर यार्ड, गोदामे, क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. आमच्या माहितीतली मुले तिथे आहेत, पण ड्रायव्हर, हेल्पर, वॉचमन म्हणून. कष्टाच्या कामाला आम्ही कमी लेखत नाही. मात्र शिकलेल्या मुलानेही तिथेच का थांबावे?

या धंद्यात वर चढायला एक शिडी आहे, तिची माहिती आपल्या वस्त्यांत पोहोचतच नाही. कस्टम ब्रोकर, ज्याला २०१३ पर्यंत कस्टम हाऊस एजंट म्हणत, त्याच्याकडे बारावी पास मुलगा किंवा मुलगी नोकरीला लागू शकते. सुरुवातीला ‘एच’ कार्ड मिळते. कस्टम खात्याची परीक्षा दिली की ‘जी’ कार्ड. २०१८ च्या नियमांप्रमाणे पदवीधराने ‘जी’ कार्डावर दोन वर्षे काम केले, तर तो परवान्याच्या परीक्षेला बसू शकतो. ती लेखी व तोंडी असते, आणि सोपी मुळीच नसते. पण उत्तीर्ण झाल्यावर ‘एफ’ कार्ड आणि स्वतःच्या परवान्याची वाट मोकळी होते. म्हणजे पालीतच बी.कॉम. करावे, इंग्रजी आणि संगणक पक्का करावा, आणि हा रस्ता धरावा. लाखांची फी लागत नाही.

मोठी झेप घ्यायची असेल तर दिल्लीची आयआयएफटी आहे, १९६३ साली केंद्र सरकारने काढलेली. प्रवेश कठीण, राखीव जागा आहेत. परदेशी शिकायचे तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या अटी बदलत असतात, म्हणून समाजकल्याण खात्याची त्या वर्षीची जाहिरातच वाचावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये. ‘व्यापार हा आपला प्रांत नव्हे’ असे म्हणणारे वडीलधारे अजून भेटतात. त्यांना आम्ही एवढेच सांगतो की बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए. केले तेव्हा प्रबंधाचा विषय प्राचीन भारतीय व्यापार हा होता, आणि १९२३ साली लंडनला डी.एस्सी. मिळाली ती रुपयाच्या प्रश्नावर.

राहिल्या त्या खासगी संस्था. माहितीपत्रकातल्या बंदराच्या फोटोवर जाऊ नका. मागच्या दोन वर्षांतल्या विद्यार्थ्यांची गाठ घालून द्या म्हणावे. कुठे लागले, पगार किती, शिपिंग बिल कधी स्वतः भरले का, हे त्यांनाच विचारावे. संस्था टाळाटाळ करू लागली, तर अर्ज तसाच घेऊन घरी यावे.