खापरखेड्यात प्रवाळटाकी उभारताना
खापरखेड्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा गावात घरी मोठी प्रवाळटाकी उभारायची तर आधी वजन पाहा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. टाकी तळमजल्यावरच बरी. बोअरचं पाणी नको. आरओच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार राहतील इतकं सागरी मीठ मिसळा आणि चिलर लावून तापमान २५-२६ अंशांवर ठेवा. उन्हाळ्यात पाणी आटतं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून रोजची घट बिनमिठाच्या आरओ पाण्यानेच भरा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत, साधारण महिना-दीड महिना, मासे सोडू नका. दगडी प्रवाळांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. ते विकत घेऊ नका. मालवणचे प्रवाळ मालवणच्या समुद्रातच राहू द्या.