ठेव आणि तिचा हिशेब

'टॅलेंट' हा इंग्रजी शब्द आपल्या सुशिक्षित घरांतून आतां चांगलाच रुळला आहे. मुलगी गोड गाते, मुलगा चेंडू चलाखीनें टाकतो, कीं लगेच त्यांच्या अंगच्या टॅलेंटचें कौतुक सुरू होतें. परंतु हा शब्द मूळचा गुणाचा नव्हे, वजनाचा आहे. प्राचीन ग्रीक लोक सोनें-चांदी तोलण्याच्या एका मोठ्या मापास तालान्त म्हणत. येशू ख्रिस्तानें सांगितलेला एक दृष्टान्त मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे. त्यांत हें माप येतें. तो दृष्टान्त शतकानुशतकें युरोपांतील देवळांतून वाचला गेला, आणि त्यामुळेंच वजनाच्या शब्दास गुणाचा अर्थ चिकटला.

दृष्टान्ताची हकीकत थोडक्यांत अशी. एक धनी परदेशीं जाण्यापूर्वीं आपली मालमत्ता तीन दासांच्या हवालीं करतो. एकास पांच तालान्त, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक. ज्याची जशी कुवत तसा त्याचा वांटा. पहिले दोघे व्यापार करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा जमीन खणतो आणि आपली ठेव पुरून ठेवतो. धनी परत आल्यावर पहिल्या दोघांस अगदीं सारखीच शाबासकी मिळते. पांचांचे दहा करणारास अधिक आणि दोनांचे चार करणारास उणी, असा भेद तेथें नाहीं. तिसरा मात्र ठेव जशीच्या तशी परत करूनही घराबाहेर घातला जातो.

वाचकाची सहानुभूति येथें बहुधा तिसऱ्याकडे वळते. त्यानें पैसा उधळला नाहीं, अफरातफर केली नाहीं. आपल्याकडेही जुन्या वाड्यांतून मोहरांचे हंडे पुरून ठेवण्याची रीत होतीच, आणि तिला कोणी दुर्वर्तन म्हणत नसे. शिवाय एकच तालान्त वांट्यास आला म्हणजे त्याला फारच थोडें मिळालें असा समज होतो. तो खरा नाहीं. एका तालान्ताचे सुमारें सहा हजार दीनार होत, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ज्याला सर्वांत कमी मिळालें, त्याच्याही हातीं जवळजवळ वीस वर्षांच्या कष्टांची कमाई होती. त्याचा दोष गरिबीचा नव्हता, भीतीचा होता. धनी कठोर आहे अशी त्यानें मनाची समजूत करून घेतली, आणि मग ठेवीपेक्षां स्वतःला जपण्याकडेच त्याचें सारें लक्ष लागलें.

ख्रिस्ती धर्मविचारांत मनुष्यास 'कारभारी' म्हणतात तें याच अर्थानें. ज्या ग्रीक शब्दाचें हें भाषांतर, त्याचा अर्थ घरची व्यवस्था पाहणारा असा आहे. पेशवाईंतील सरदारांच्या कारभाऱ्यांच्या गोष्टी ज्यांनीं ऐकल्या आहेत त्यांना या पदाची अवघड जागा समजावून सांगण्याची गरज नाहीं. खजिन्याच्या किल्ल्या त्याच्या कमरेला. पण त्यांतला एक रुपयाही त्याचा नव्हे. अशा माणसापुढें दोन मोह उभे असतात: एक, सारें आपलेंच समजून उडविण्याचा, दुसरा, जोखीम नको म्हणून कुलूपच न उघडण्याचा. आवाज, बुद्धि, बळ, आयुष्याचीं वर्षें, हीं सर्व अशींच सोंपविलेलीं आहेत, असें ही शिकवण सांगते.

ती खेळांच्या भाषेंत प्रथम मांडली ती पौलानें. करिंथ नगरांत तो पहिल्या शतकाच्या मध्यास दीड वर्ष राहिला होता. त्या नगराजवळच दर दोन वर्षांनीं इस्थमियन सामने भरत, आणि विजयी वीराच्या मस्तकीं देवदाराच्या जातीच्या पाल्याचा किंवा सुकलेल्या अजमोद्याचा मुकुट घालीत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायांत पौल त्यांना त्यांच्याच आखाड्याची आठवण देतो: चार दिवसांत वाळून जाणाऱ्या मुकुटासाठीं खेळाडू इतका संयम पाळतात, मग न वाळणाऱ्या मुकुटासाठीं किती पाळावा? शेतकऱ्याचें व शिपायाचें उदाहरणही तो अन्यत्र घेतो. परंतु खेळाडूचें उदाहरण सर्वांत नेमकें, कारण शरीराची देणगी मुदतीची आहे. धांवणाराचे पाय दहा-बारा वर्षेंच त्याचे असतात. ते पुरून ठेवले तरी शिल्लक उरत नाहींत. न वापरलेला स्नायू क्षीणच होतो.

यावरून कोणी असें अनुमान काढील कीं, खरा भक्त असेल त्यानें खेळ सोडून धर्मकार्यास लागावें. सी. टी. स्टड यांनीं तसेंच केलें. १८८२ सालीं ओव्हलवरील प्रसिद्ध कसोटी सामन्यांत खेळलेले हे केंब्रिजचे फलंदाज १८८५ मध्यें मिशनरी म्हणून चीनला गेले आणि वडिलांकडून आलेली संपत्ति त्यांनीं दान करून टाकली. त्यांचा त्याग मोठा, यांत शंका नाहीं. तरी सर्वांनीं त्याच मार्गानें जावें असें दृष्टान्त सांगत नाहीं. पांचांचे दहा कोणत्या बाजारांत करावे हें धन्यानें ठरवून दिलेलें नव्हतें.

मुंबईच्या मैदानावरचा एक प्रसंग येथें आठवतो. डिसेंबर १९४३ मध्यें ब्रेबोर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यांचा अंतिम सामना हिंदू व 'दि रेस्ट' या संघांत झाला. धर्मावर संघ पाडण्याची ती पद्धत १९४६ नंतर बंद पडली तें योग्यच झालें. पण तो खेळ विसरण्याजोगा नाहीं. सांगलीच्या ख्रिस्ती कुटुंबांतले विजय हजारे यांनीं दुसऱ्या डावांत संघाच्या ३८७ धावांपैकीं ३०९ एकट्यानें काढल्या. त्यांना साथ दिली बंधु विवेक यांनीं. दोघांची भागीदारी ३०० धावांची झाली, आणि विवेक यांच्या स्वतःच्या धावा होत्या २१. सामना तर डावानें गेला. धावफलक पाहणारा २१ च्या आंकड्यावरून नजर पुढें नेईल. पण ते एकवीस नसते, तर तीनशें नऊही नसते.

या साऱ्या विषयाचें सर्वांत परिचित उदाहरण एरिक लिडेल यांचें. स्कॉटिश मिशनरी आईबापांच्या पोटीं १९०२ सालीं चीनमधील तिएनत्सिन येथें त्यांचा जन्म झाला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारीं होत्या. रविवार हा प्रभूचा दिवस म्हणून त्यांनीं धांवण्यास नकार दिला. १९८१ च्या चित्रपटांत ही बातमी त्यांना जहाजावर चढतांना कळते असें दाखविलें आहे. वस्तुतः ती त्यांना कित्येक महिने आधीं ठाऊक होती. तो वेळ त्यांनीं ४०० मीटरच्या तयारीस दिला, आणि ११ जुलै रोजीं ती शर्यत ४७.६ सेकंदांत, नव्या ऑलिंपिक उच्चांकानें जिंकली. देणगी वापरली, पण देणाऱ्याच्या अटीवर वापरली. मात्र केवळ तेवढ्यासाठीं त्यांचें नांव घेणें म्हणजे कथा अर्ध्यावर सोडणें होय.

दुसऱ्याच वर्षीं ते चीनला गेले. तिएनत्सिनच्या कॉलेजांत विज्ञान आणि खेळ शिकवूं लागले. पुढें युद्ध आलें. १९४१ मध्यें गरोदर पत्नीस व दोन मुलींस त्यांनीं कानडास पाठविलें. तिसरी मुलगी त्यांच्या दृष्टीस कधींच पडली नाहीं. १९४३ सालीं जपान्यांनीं त्यांना वैशिएनच्या छावणींत कोंडलें. तेथें आईबापांपासून तुटलेलीं पुष्कळ मुलें होतीं. लिडेल त्यांना शिकवीत व त्यांचे खेळ घेत, पण रविवारीं नाहीं. मग एका रविवारीं मुलांनीं आपले आपणच हॉकी खेळण्यास आरंभ केला, आणि पंच नसल्यामुळें तो खेळ भांडणांत संपला. त्यापुढील रविवारीं पंच म्हणून लिडेल मैदानांत उभे होते. स्वतःच्या सुवर्णपदकासाठीं जो नियम त्यांनीं मोडला नव्हता, तो परक्या मुलांसाठीं बाजूस ठेवला. पॅरिसच्या नकारापेक्षां हा होकार अधिक विचार करण्यासारखा आहे.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजीं, छावणीची सुटका होण्यापूर्वीं सहा महिने, मेंदूंतील गांठीच्या विकारानें त्यांचा अंत झाला. तें वर्षाच्या थंडीचे दिवस होते. मृत्यूपूर्वीं थोडेच आठवडे एका मुलाचे जोडे फाटलेले पाहून लिडेल यांनीं आपले धांवण्याचे जुने, दोऱ्यानें शिवलेले जोडे त्याला देऊन टाकले होते. शत्रूसाठीं, म्हणजे पहाऱ्यावरच्या जपान्यांसाठींही, प्रार्थना करावी हें त्या मुलाला त्यांनींच शिकविलें होतें. युद्ध संपल्यावर कांहीं वर्षांनीं तो मुलगा मिशनरी होऊन जपानांत गेला आणि अनेक दशकें तेथेंच राहिला.