मिथेनला जाळायचं नाही, थांबवायचं!

सकाळी चहा ठेवताना गॅसची निळी ज्योत बघता ना? घरी पाइपचा गॅस असेल तर तो बहुतेक सगळा मिथेन. सिलिंडर असेल तर प्रोपेन आणि ब्युटेन. ही सगळी अल्केन कुटुंबातली मंडळी. अकरावीत हा भाग आपण पटकन उरकतो, कारण ही मंडळी फारसं काही करतच नाहीत. त्यांचं जुनं नाव पॅराफिन, म्हणजे लॅटिनमध्ये ‘ओढ कमी असलेले’. साधं आम्ल ओता, अल्कली ओता, ढिम्म हलणार नाहीत!

याचं कारण कार्बन-हायड्रोजन बाँड. मिथेनमधला असा एक बाँड तोडायला मोलमागे सुमारे ४४० किलोज्यूल लागतात. त्यात या रेणूला ना धन टोक, ना ऋण टोक. पकडणार कुठे?

पण खरी गोची तोडण्यात नाहीच, ती थांबण्यात आहे. काडी लावली की मिथेन थेट कार्बन डायऑक्साइडपर्यंत जातो. मधल्या पायरीवर, म्हणजे मिथेनॉलवर, थांबवायचं तर पंचाईत. मिथेनॉलचा कार्बन-हायड्रोजन बाँड मिथेनपेक्षा कमजोर, त्यामुळे तोच आधी तुटतो. म्हणून आज कारखान्यांत लांबचा रस्ता घेतात. आठशे अंशांच्या पुढे वाफेबरोबर मिथेन मोडायचा आणि मग ते तुकडे पुन्हा जुळवून मिथेनॉल बनवायचं.

प्लॅटिनमचा चमत्कार

१९६९मध्ये सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर शिलोव्ह यांच्या गटाने वेगळाच प्रयोग केला. प्लॅटिनमचा क्षार आणि जड पाणी असलेल्या द्रावणात मिथेन सोडला. थोड्या वेळाने मिथेनमध्ये चक्क ड्युटेरियम सापडलं. म्हणजे प्लॅटिनमने तो हट्टी बाँड उघडला होता, तेही शंभर अंशांच्या आसपास! पुढे याच पद्धतीने अल्कोहोलही मिळालं. फक्त त्यासाठी ऑक्सिडंट म्हणून पुन्हा प्लॅटिनमचाच क्षार खर्ची पडत होता. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

१९८२मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बर्गमन आणि कॅनडात विल्यम ग्रॅहम यांनी इरिडियम वापरलं. प्रकाश पाडला की इरिडियमला चिकटलेला एखादा रेणू सुटतो आणि तिथे जागा रिकामी होते. त्या जागेसाठी इरिडियम अल्केनचा बाँड उघडतं. कार्बन एका हाताला, हायड्रोजन दुसऱ्या. गंमत म्हणजे, रॅडिकल नेहमी कमजोर बाँड शोधतात, तर बर्गमन यांच्या इरिडियमने साखळीच्या टोकाचा मजबूत बाँड पसंत केला.

मग १९९८मध्ये रॉय पेरियाना यांच्या गटाने बाजी मारली. प्लॅटिनम, सल्फ्युरिक आम्ल, तापमान २२० अंश आणि एका फेरीत ७० टक्क्यांहून जास्त उत्पादन. युक्ती काय? मिथेनॉल मोकळं सोडायचंच नाही, त्याला सल्फेटचं चिलखत घालायचं. पण प्रक्रियेत पाणी तयार होतं, आम्ल पातळ होतं आणि उत्प्रेरक थंडावतो. कारखान्याचं गणित काही जुळलं नाही.

बॅक्टेरिया पुढे!

आणि हे सगळं काही बॅक्टेरिया फुकटात करतात. मिथेनोट्रॉफ नावाचे हे जीव हवेतला ऑक्सिजन आणि एन्झाइममधलं लोखंड किंवा तांबं वापरून साध्या तापमानाला मिथेनचं मिथेनॉल करतात. भातखाचरांत ते सापडतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्यांच्यावर काम चालतं.

या सगळ्याचा आपल्याला काय फायदा? जगभर तेलविहिरींवर मिथेन नुसता जाळून टाकतात, कारण पाइपलाइन परवडत नाही. गळती झाली तर आणखी वाईट. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो. तोच विहिरीपाशी मिथेनॉल झाला, तर टँकरमध्ये भरून नेता येईल.

कार्बन-हायड्रोजन बाँड हवा तिथेच उघडायची विद्या औषधांचे रेणू बनवायलाही कामी येते. आयआयटी मुंबईचे देबब्रत मैती याच विषयात काम करतात. २०२२चा भटनागर पुरस्कार मिळालेल्यांमध्ये तेही आहेत.

स्वस्त धातू, हवेतला ऑक्सिजन आणि मिथेनॉलवर ब्रेक, हे तिन्ही एकत्र मोठ्या कारखान्यात अजून जमलेलं नाही. केमिस्ट्री घेऊन पुढे काय, असा प्रश्न पडला असेल, तर इथे जागा रिकामी आहे.