गटासाठी ऐरण घेताना

तांब्याचे डूल, चांदीच्या तारेची कर्णफुलं करायची, तर ऐरण लागतेच. पैसे गटाच्या बचतीचे, म्हणून दुकानात चकचकीत रंगाला भुलू नका. रंगाखाली पुष्कळदा बीड असतं. बिडाचा तवा पडला की कसा तडकतो, हे तुम्हाला मी काय सांगावं! तशाच ऐरणीच्या कडा उडतात. पोलादाची मागा.

परीक्षा सोपी आहे. सायकलवाल्याकडून बेअरिंगचा छर्रा न्या आणि वीतभर उंचीवरून ऐरणीवर सोडा. जवळजवळ हातापर्यंत उसळला, तर माथा कडक. अर्ध्यावरही आला नाही, तर ती ऐरण ठेवून द्या. मग माथ्यावर बोट फिरवा; तिथला प्रत्येक ओरखडा तुमच्या पत्र्यावर उमटणार. नाजूक कामाला एक-दोन किलोची पुरते, पण जड ओंडक्यावर पक्की बसवा. नाहीतर ती थरथरते आणि हातोडीचा जोर वाया जातो.

रुळाचा तुकडाही चालतो, स्वस्त पडतो. मात्र भंगारवाल्याकडून पावती घ्याच. रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं १९६६च्या कायद्यानं गुन्हा आहे.

आणि हो, रिकाम्या ऐरणीवर हातोडी आपटू नका. काम उरकलं की तेलाचं बोट फिरवून फडकं झाका.