उठा, चाला, वळा, बसा

एका वाचकांनी जरा चिडूनच विचारले आहे. ८१ वर्षांच्या वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर. रक्त, ईसीजी, टू-डी इको, सीटी स्कॅन सगळे झाले. मग डॉक्टरांनी त्यांना खुर्चीतून उठायला लावले, तीन मीटर चालवून परत आणून बसवले आणि त्याला लागलेले सेकंद मोजले. वर कागदावर घड्याळ काढायला सांगितले. ‘हे काय बालवाडीचे खेळ?’

खेळ नव्हे. जाड फाईलमध्ये सापडत नाही तेच इथे सापडते. जुना ट्रक आणि नवा ट्रक सपाट हायवेवर सारखेच पळतात. कसारा घाटात, मागे माल लादलेला असताना गिअर पटापट खाली येऊ लागले की मग कळते इंजिनात दम किती उरलाय ते. मोठे ऑपरेशन म्हणजे असा घाट. पलंगावर निजलेल्या माणसाचे रिपोर्ट सपाटीवरचे असतात. फुप्फुसाचे सर्जन ऑपरेशनआधी रुग्णाला जिना चढायला लावत, ते याचसाठी.

फाईलवर ‘एएसए ३’ असाही एक शेरा असतो, म्हणजे भूलतज्ज्ञांनी रुग्णाच्या एकंदर प्रकृतीला दिलेली श्रेणी. त्याची कथा मोठी गमतीची. १९४१ साली अमेरिकेतल्या मेयर साक्लाड आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ही वर्गवारी केली, ती ठिकठिकाणच्या भुलीच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता याव्यात म्हणून. ऑपरेशनचा धोका यातून मोजता येणार नाही, कारण तो ऑपरेशन कोणते आणि सर्जनचा हात कसा यावरही ठरतो, असे त्यांनी स्वच्छ बजावले होते. पुढे सर्रास धोका मोजायलाच ती वापरली गेली!

उलट ज्या बाईंमुळे म्हाताऱ्या रुग्णाला आधी उठवून पाहण्याची रीत पडली, त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. डॉ. मार्जरी वॉरन. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारचे गरिबांचे इस्पितळ ताब्यात घेतले आणि तिथले ७१४ जुनाट रुग्ण त्यांच्या गळ्यात पडले. कित्येक जण वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले. कुणाचीच धड तपासणी झालेली नव्हती. वॉरनबाईंनी एकेकाला नीट तपासले, जमेल त्याला उभे केले, चालवले. बरेच जण चक्क घरी गेले.

खुर्चीच्या चाचणीला मॉन्ट्रियलच्या पोड्सियाड्लो आणि रिचर्डसन यांनी १९९१ मध्ये सेकंदांचे माप जोडले. २०१४ मध्ये सत्तरी गाठलेल्या २६३ कॅन्सर रुग्णांचा ऑपरेशनआधी आणि नंतर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. वीस सेकंदांहून जास्त वेळ लागलेल्यांमध्ये मोठी गुंतागुंत होण्याचे प्रमाण एएसए ३ किंवा त्यावरच्या रुग्णांच्या जवळपास दुप्पट निघाले. पण म्हणून सेकंदांचीही पूजा नको. आपल्याकडे कित्येक आजोबा गुडघ्यापायी हळू चालतात. का हळू, हे डॉक्टरांनी विचारायलाच हवे. रक्त कमी असेल, जेवण तुटले असेल, तर ऑपरेशन दोन-तीन आठवडे पुढे ढकलून खाणे आणि व्यायाम सुधारता येतो. आणि ८१ वर्षांचे आजोबा तरतरीत चालले, तर निव्वळ वयाकडे बोट दाखवून ऑपरेशन नाकारणे चूक ठरते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २०१८ पासून ज्येष्ठ रुग्णांसाठी वेगळी ओपीडी आहे, तिथे हेच पाहतात. वय आणि वजन टाकले की धोक्याची टक्केवारी सांगणाऱ्या ॲपला यातले काय दिसणार?

आता घड्याळाचे चित्र. आकडे एकाच बाजूला दाटले, काटे भलतीकडे गेले, तर मेंदूची ताकद तुटपुंजी असण्याचा संशय येतो. अशा रुग्णाला ऑपरेशननंतर रात्री भ्रम होण्याचा धोका जास्त; मग तो सलाईन उपटतो, मुलाला ओळखत नाही. घरचे हादरतात. येल विद्यापीठाच्या रुग्णालयात ८५२ वृद्धांवर झालेल्या अभ्यासात (१९९९; हे ऑपरेशनचे रुग्ण नव्हते, तरी धडा तोच) रात्रीची झोप, पाणी, चालणे, चष्मा आणि श्रवणयंत्र अशा गोष्टी सांभाळल्या, तर असा भ्रम १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आला. तेव्हा वडिलांचा चष्मा घरी कपाटात ठेवू नका, आणि शुद्धीवर येताच तो त्यांच्या डोळ्यांवर चढेल असे सिस्टरांना आधीच सांगून ठेवा.