उतरत्या जमिनीचा स्टुडिओ

ग्रामोफोनच्या तबकडीच्या मधोमध एक गोल कागद चिकटवलेला असे. त्यावर गाण्याचं नाव, गायकाचं नाव, क्रमांक आणि कंपनीचं चिन्ह. आपल्याकडे या कागदावरचा, कर्ण्यासमोर कान देऊन बसलेला कुत्रा घराघरांत ओळखीचा होता. या कागदाला म्हणायचं लेबल. पुढे कंपनीलाच लेबल म्हणण्याची पद्धत पडली. आज ज्या लेबलची हकिगत सांगायची आहे, त्याचं नाव स्टॅक्स. मिसिसिपी नदीच्या काठावरच्या मेम्फिस या अमेरिकी शहरात ते जन्मलं, पंधरा-सोळा वर्षं गाजलं आणि तिथंच बुडालं.

स्टॅक्सचं संगीत म्हणजे सोल. सोल म्हणजे आत्मा. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये देवाला घातलेली आर्त हाक आणि शेतमजुरांच्या दुःखातून आलेलं ब्लूज संगीत, हे दोन्ही एकत्र येऊन प्रेमाचं, विरहाचं, रोजच्या जगण्याचं गाणं झालं, ते हे सोल. उत्तरेत डेट्रॉइट शहरात मोटाऊन नावाची कंपनी असंच संगीत काढत होती. पण तिथला माल घासूनपुसून, चकाकी देऊन बाहेर पडे. स्टॅक्सचं गाणं थोडं खरखरीत, घामेजलेलं. मला विचाराल तर मी स्टॅक्सच्या बाजूचा.

गंमत अशी की, ही कंपनी काढली दोन गोऱ्या भावाबहिणींनी. जिम स्टुअर्ट हा बँकेतला नोकरदार. संध्याकाळी फिडल वाजवायचा, तेही गोऱ्या खेडुतांचं कंट्री संगीत. 1957 साली त्यानं सॅटेलाइट नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी काढली. यंत्रं नव्हती, पैसे नव्हते. मग थोरली बहीण एस्टेल ॲक्सटन हिनं राहतं घर गहाण टाकलं आणि अडीच हजार डॉलर उभे करून ध्वनिमुद्रणाचं यंत्र आणलं. एस्टेल तेव्हा मेम्फिसच्याच युनियन प्लँटर्स नावाच्या बँकेत काम करत होती. या बँकेचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. कॅलिफोर्नियात याच नावाची दुसरी कंपनी निघाली, तेव्हा 1961 मध्ये नाव बदललं. स्टुअर्टमधलं पहिलं अक्षर घेतलं, त्याला ॲक्सटनमधलं ‘ॲक्स’ जोडलं, झालं स्टॅक्स.

त्याआधी 1960 मध्ये मॅक्लेमोर रस्त्यावरचं बंद पडलेलं कॅपिटॉल चित्रपटगृह त्यांनी भाड्यानं घेतलं होतं. खुर्च्या काढल्या, पडदे टांगले, रंगमंचावर यंत्रांची खोली बांधली. चित्रपटगृहाची जमीन मागून पुढे उतरती असते. ती सपाट करायला पैसे नव्हते, म्हणून तशीच ठेवली. नाइलाजानं राहिलेला तो उतार पुढे कामी आला. जमीन आणि छत एकमेकांना समांतर नसले की आवाज दोहोंमध्ये ठोकळ्यासारखा आपटत राहत नाही; तो पसरतो, भरतो. शिवाय दालन मोठं, वादक एकमेकांपासून लांब. ड्रमचा ठोका पलीकडच्या माणसापर्यंत पोचायला निमिषभर उशीर. त्यामुळे कानाइतकीच डोळ्यांवर भिस्त: ड्रमवाल्याच्या हाताकडे बघून गिटारवाला ठोका साधायचा. पहिली काही वर्षं सगळं एकाच ट्रॅकवर मुद्रित व्हायचं. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पहिल्यापासून. स्टॅक्सच्या तालात ठोका किंचित मागे रेलल्यासारखा वाटतो, जाणकार त्याची कारणं या खोलीतही शोधतात.

चित्रपटगृहात खाऊची गाडी असायची, त्या जागी एस्टेलनं रेकॉर्डचं दुकान थाटलं. वस्ती तेव्हा वेगानं कृष्णवर्णीय होत चालली होती. आसपासची मुलं दुकानात येऊन तासन्‌तास गाणी ऐकत उभी राहत. दुसरा दुकानदार हाकलून देता. एस्टेल विचारायची, तुला हे का आवडलं? मधल्या कडव्यातलं काय आवडलं? तिला बाजाराचा अंदाज यायचा आणि मुलांना दार उघडं मिळायचं. बुकर टी. जोन्स हा याच वस्तीतला मुलगा. स्टीव्ह क्रॉपर हा गोरा गिटारवादक तर दुकानाच्या गल्ल्यावरच काम करत होता. डेव्हिड पोर्टर समोरच्या किराणा दुकानात सामान बांधून द्यायचा. पुढे तो आयझॅक हेजच्या जोडीनं स्टॅक्सचा आघाडीचा गीतकार झाला.

पहिलं यशही असंच दारातून चालत आलं. रूफस थॉमस हा मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए या रेडिओ केंद्रावरचा लोकप्रिय निवेदक. या केंद्राचे सगळे कार्यक्रम कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी असत. तरी रूफसला पोटासाठी कापड गिरणीत बॉयलर सांभाळावा लागे. 1960 मध्ये तो मुलगी कार्लाला घेऊन आला आणि दोघांनी एक गाणं मुद्रित केलं. ते मेम्फिसमध्ये इतकं खपलं की न्यूयॉर्कच्या अटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलरनं देशभर वितरणाची तयारी दाखवली. व्यवहार हस्तांदोलनावर ठरला. कागद नाही, शिक्का नाही.

1962 मध्ये बुकर टी., क्रॉपर आणि त्यांचे दोन साथीदार एका गायकाचं मुद्रण आटोपल्यावर वेळ होता म्हणून वाजवत बसले. त्यातून ‘ग्रीन ओनियन्स’ ही बिनशब्दांची धून निघाली आणि देशभर गाजली. बुकर सतरा वर्षांचा होता. चौघांत तीन कृष्णवर्णीय, एक गोरा. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण मेम्फिसमध्ये तेव्हा शाळा, बागा, खाणावळी रंगावरून वेगळ्या होत्या. हे चौघं दिवसभर एकत्र वाजवत आणि बाहेर पडल्यावर एका टेबलाशी बसून जेवायचं कुठं हा प्रश्न पडे. त्यावरचं एक उत्तर होतं लॉरेन मोटेल. कृष्णवर्णीय मालकाचं हे छोटं हॉटेल सर्वांना घेत असे. तिथल्या खोल्यांमध्ये क्रॉपरनं एडी फ्लॉइड आणि विल्सन पिकेट यांच्याबरोबर बसून गाणी रचली.

त्याच वर्षी जॉर्जिया राज्यातून एक गिटारवादक मुद्रणासाठी आला. त्याची गाडी चालवत आला होता ओटिस रेडिंग. ते मुद्रण काही जमलं नाही. वेळ उरला होता, या ड्रायव्हरचंही ऐका अशी गळ पडली, म्हणून ऐकलं. पुढची पाच वर्षं स्टॅक्स म्हणजे ओटिस असं समीकरण होतं. त्याच्या तबकड्या स्टॅक्सच्याच ‘व्होल्ट’ या दुसऱ्या नावानं निघत.

आता त्या कागदाकडे वळू. 1965 मध्ये स्टुअर्टलाच वाटलं, तोंडी बोलणं लिहून घ्यावं. त्याला एवढीच हमी हवी होती की, उद्या वेक्सलर अटलांटिकमधून गेला तर आपण मोकळे व्हावं. करार आला. त्यात ते कलम होतं. पण आणखी एक होतं: अटलांटिकनं वितरित केलेल्या स्टॅक्सच्या सगळ्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी अटलांटिककडे. स्टुअर्टनं वाचलं नाही, वकिलाला दाखवलं नाही आणि सही केली. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांच्या सह्या बघितलेला माणूस! वेक्सलरनंही नंतर सांगितलं की, हे कलम आपल्याला माहीत नव्हतं, ते वकिलांचं काम. असेलही. पण ते रद्द करायला वकील पुढे आले नाहीत.

1967 मध्ये अटलांटिक वॉर्नर कंपनीला विकली गेली. 10 डिसेंबर 1967 रोजी ओटिस रेडिंगचं छोटं विमान विस्कॉन्सिन राज्यातल्या मोनोना तळ्यात कोसळलं. तो 26 वर्षांचा होता. त्याच्याबरोबर बार-केज या स्टॅक्सच्याच वाद्यवृंदातली चार पोरं गेली. बेन कॉली हा एकटा वाचला. तीनच दिवसांपूर्वी ओटिसनं समुद्रकाठी बसलेल्या माणसाचं एक गाणं पुरं केलं होतं. क्रॉपरनं दुःखातच त्याच्यामागे लाटांचा आवाज भरला आणि 1968 मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. मरणानंतर एखाद्या गायकाला हा मान मिळण्याची तिथली ही पहिलीच वेळ.

नव्या मालकांशी बोलणी फिसकटली. स्टुअर्टनं आपली मुद्रणं परत मागितली, तेव्हा त्याला त्याचाच करार दाखवण्यात आला. ओटिसची, कार्लाची, बुकर टी.ची, सगळ्यांची गाणी गेली. सॅम अँड डेव्ह ही जोडी अटलांटिकनं उसनी दिलेली होती, तीही परत गेली. याच सुमारास, 4 एप्रिल 1968 रोजी, मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. लॉरेन मोटेलच्या सज्जात. शहरात जाळपोळ झाली. स्टॅक्सच्या इमारतीला कुणी हात लावला नाही. पण आतल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय वादकांतला मोकळेपणा पूर्वीचा राहिला नाही.

त्यानंतर कंपनी सावरली ती ॲल बेलमुळे. हा कृष्णवर्णीय रेडिओ निवेदक 1965 मध्ये विक्री वाढवण्यासाठी आला होता. हातात जुनी गाणी नाहीत ना, मग नवी करू, असं म्हणून त्यानं 1969 मध्ये एकदम 27 अल्बम बाजारात आणले. त्यातला एक आयझॅक हेजचा. त्यात गाणी फक्त चार, पैकी एक अठरा मिनिटांहून लांब. सगळ्यांनी वेड्यात काढलं असतं. तो दहा लाखांवर खपला. त्याच सुमारास बेलशी न पटल्यानं एस्टेल बाहेर पडली. 1972 मध्ये ‘शाफ्ट’ चित्रपटाच्या गाण्यासाठी हेजला ऑस्कर मिळालं. त्याच वर्षी 20 ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या भव्य स्टेडियममध्ये स्टॅक्सनं ‘वॉटस्टॅक्स’ हा जलसा केला. तिकीट एक डॉलर, श्रोते लाखावर.

आणि तिथूनच घसरण लागली. बेलनं देशभर वितरणासाठी सीबीएस या बलाढ्य कंपनीशी करार केला, तिच्याकडून कर्ज घेतलं आणि स्टुअर्टचा वाटा विकत घेतला. ज्या क्लाइव्ह डेव्हिसच्या शब्दावर करार झाला, त्याला 1973 मध्ये सीबीएसनं काढून टाकलं. पुन्हा तेच: माणसावर विसंबून केलेला व्यवहार, आणि माणूस गेला. स्टॅक्सचा खप होता वस्तीतल्या छोट्या दुकानांत. सीबीएसचा डोळा मोठ्या दुकानांवर. माल गोदामात पडून आणि गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत, अशी स्टॅक्सची तक्रार होती. पण दोष एकट्या सीबीएसला देता येणार नाही. खर्चाला धरबंध नव्हता. 1972 च्या अखेरीस कंपनीशी संबंधित एक माणूस विमानतळावर 1 लाख 30 हजार डॉलर रोख घेऊन जाताना आढळला आणि प्राप्तिकर खात्याची चौकशी मागे लागली. एके काळी कुणीही पोरगं आत यायचं त्या दारावर आता पहारेकरी होते.

कर्ज देणारी दुसरी संस्था होती युनियन प्लँटर्स बँक. तीही अडचणीत होती आणि वसुलीला निघाली. कंपनीतून बाहेर पडलेला स्टुअर्ट परत आला, वैयक्तिक हमी दिली, स्वतःची पुंजी ओतली. पुढे त्याचं घरही गेलं. 19 डिसेंबर 1975 रोजी कंपनीचं दिवाळं काढण्यात आलं. सशस्त्र अधिकाऱ्यांनी बेलला इमारतीबाहेर काढलं. बँकेच्या फसवणुकीचा खटला त्याच्यावर चालला, त्यातून 1976 मध्ये तो निर्दोष सुटला. तोवर कंपनी उरली नव्हती. त्याच वर्षी हेजनंही दिवाळं जाहीर केलं.

1981 मध्ये इमारत एका चर्चनं दहा डॉलरला घेतली. 1989 मध्ये ती पाडली. 2003 मध्ये त्याच जागी, तशाच दर्शनी भागासह सोल संगीताचं संग्रहालय उभं राहिलं. त्यात स्टुडिओची प्रतिकृती आहे आणि तिची जमीन या खेपेला मुद्दाम उतरती बांधली आहे. शेजारी वस्तीतल्या मुलांसाठी संगीतशाळा चालते. एस्टेल 2004 मध्ये गेली, जिम स्टुअर्ट 2022 मध्ये, 92 व्या वर्षी.

गाण्यांची वाटणी मात्र कायम राहिली. 1968 पूर्वीची वॉर्नरच्या ताब्यातल्या अटलांटिककडे. नंतरची 1977 मध्ये फँटसी कंपनीनं घेतली आणि 2004 मध्ये ती काँकॉर्डकडे गेली. स्टॅक्सची जुनी तबकडी कधी हाती लागलीच, तर मधला कागद बघा. निळ्या कागदावर रचलेल्या तबकड्यांची चळत असेल, तर ते गाणं त्या न वाचलेल्या सहीबरोबर गेलेलं. पिवळ्या कागदावर चुटकी वाजवणारा हात असेल, तर ते त्यानंतर, हात रिकामे झाल्यावर केलेलं.